जावयाची खुर्ची

जावयावरून रविवारी झालेल्या भांडणानंतर घरात कुणाचाच आवाज चढला नव्हता, आणि अक्काला त्याचीच धास्ती वाटत होती. काच कारखान्यातली माणसं ती. भट्टीच्या घरघरीत जन्म गेलेला, त्यामुळे घरीसुद्धा पाण्याचा तांब्या मागायचा तरी पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असा मागायची सवय. या घरात कुणी हळू बोलायला लागलं की समजावं, काहीतरी तुटायला आलंय.

एरवी एकट्या अक्काचाच आवाज हळू असायचा. त्या सकाळी सगळे हळू बोलत होते.

अक्काचे यजमान मिस्त्री खिडकीशी बसले होते. कारखान्यात त्यांना सगळे फुंकेमिस्त्री म्हणत, कारण लांब नळीच्या टोकाला वितळलेला काचेचा गोळा घेऊन त्यात फुंकर मारावी ती त्यांनीच. आता त्यांच्या डाव्या डोळ्यावर साय धरल्यासारखी दिसत होती. उजव्यानेही हल्ली दगा द्यायला सुरुवात केली होती. कालच त्यांनी बशी समजून पातेल्याच्या झाकणात चहा ओतला आणि कुणी हसायच्या आत स्वतःच म्हणाले, "झाकणालाही कधीतरी चहा मिळावा."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट लिहून दिलं होतं, की हा भट्टीच्या झळीने आलेला मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करा आणि आता वेळ काढू नका. कारखान्याच्या आरोग्य योजनेत कामामुळे आलेला आजार पुरता बसत होता. दर महिन्याच्या पगारातून त्या योजनेसाठी कापून जात होतं ते काही फुकट नव्हतं. मिस्त्रींनी अर्ज केला आणि तो परत आला. कारण एका शब्दाचं, 'वयोमानानुसार'. खाली सही कारखान्याच्या कल्याण अधिकाऱ्याची.

कल्याण अधिकारी म्हणजे या घरचा जावई.

आज दुपारी त्याच अर्जाची फेरसुनावणी होती. ऐकणारे तिघे असणार होते आणि त्या तिघांत एक खुर्ची पुन्हा जावयाचीच होती.

"अक्का, मी शेवटचं सांगते," सून म्हणाली. ती वकील होती, म्हणून घरात तिला वकीलसून म्हणत, कधी कौतुकाने, कधी खोचून. "ज्याने पहिल्यांदा नाकारलं त्यानेच दुसऱ्यांदा ऐकायचं नसतं. कायद्यात सरळ आहे. सुरुवातीलाच मी हरकत घेते, ते उठतील, दुसरं कुणी बसेल. एका मिनिटाचं काम आहे."

"एका मिनिटाचं?" मिस्त्री म्हणाले. "जावयाला चार लोकांत खुर्चीवरून उठवायला एक मिनिट, आणि ते निस्तरायला माझ्या पोरीचा उभा जन्म."

"आणि मला सांग," तिच्या नवऱ्याने तोंड घातलं. तो कारखान्यातच पेल्यांना पैलू पाडायचा आणि त्याच्या बोटांना बारीक कापल्याच्या खुणा कायम असायच्या. "आत आपला माणूस असावा म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. आपण आपल्या माणसाला हात धरून बाहेर काढायचं?"

"आपला माणूस आत होता तेव्हाच नकार आला ना?"

"तेव्हा कारखान्याच्या मोठ्या साहेबांचं दडपण होतं त्यांच्यावर."

"मग आता मोठे साहेब काय तीर्थयात्रेला गेलेत?"

अक्काला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं. मिस्त्री मात्र हसले नाहीत.

"ऐक," ते सुनेला म्हणाले. "तू त्यांच्या खुर्चीवर हरकत घेतलीस तर मी आंधळा राहीन, पण त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. शब्द दे मला."

सुनेने समोरची फाईल मिटली. "दिला," ती म्हणाली. "पण बाबा, अशीलच वकिलाचं तोंड बांधतो हे मी आज पहिल्यांदा बघतेय."

मिस्त्रींचा हट्ट कुठून आला होता ते अक्काला ठाऊक होतं. त्या घरात बसलेल्या माणसाला ऊठ म्हणायची रीतच नव्हती. अक्काच्या सासऱ्यांनी घालून दिलेली ती रीत. भट्टीवरून आलेला माणूस बसला की त्याला उठवू नये, त्याच्या पायांत तेवढाच जीव उरलेला असतो, असं ते म्हणायचे. मग ती रीत पाहुण्यांना लागू झाली, पोरांना झाली. एकदा मिस्त्रींच्या खुर्चीत मांजर येऊन झोपलं, तर मिस्त्री जमिनीवर बसून जेवले, पण मांजराला हाकललं नाही. आणि जावई तर जावईच. नऊ ग्रह शांत करता येतात, दहाव्याला काय करणार?

अक्का नेहमीप्रमाणे देवापुढे बसली. रोजचं मागणं ठरलेलं असायचं, माझ्या तोंडून आज कुणाचं मन दुखू नये. त्या दिवशी ते वाक्य अर्ध्यावर अडलं. ती तशीच हात जोडून बसून राहिली. मग "तुला कळेल ते कर" एवढंच म्हणून उठली.

*

कारखान्याच्या कचेरीत वरच्या मजल्यावर लांब बोळ होता. भिंतीला लागून दोन बाकडी समोरासमोर. एका बाकड्यावर मिस्त्री, मुलगा आणि सून. समोरच्या बाकड्यावर लेक एकटीच बसलेली. नवऱ्याबरोबर आली होती, पण तो पलीकडच्या दाराने आत गेला होता. नणंद-भावजयींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

अक्का जाऊन लेकीजवळ बसली.

"जेवलीस?"

"जेवले."

"खोटं."

"अर्धं जेवले." लेकीने आवाज खाली आणला. "अक्का, वहिनी हरकत घेणार आहे का गं? खरं सांग."

"शब्द दिलाय तिने. नाही घेणार."

लेकीने श्वास सोडला. "बरं झालं. किती दिवस झाले, हे नीट झोपलेले नाहीत. कूस बदलत राहतात. मी विचारलं तर म्हणतात, गादी टोचते. गादी लग्नातली आहे, आजच कशी टोचायला लागली?"

"त्यांनी ही खुर्ची घेतलीच कशाला मग?"

"घेतली कुठे? हे नकोच म्हणत होते. मोठ्या साहेबांनीच बसवलं. म्हणाले, घरातला माणूस आहे, घरातली गोष्ट घरातच मिटेल." लेक क्षणभर थांबली. "आणि अक्का, निघताना हसून म्हणाले, मंजूर केलात तर लोक म्हणतील सासऱ्याची सोय केली, नामंजूर केलात तर घरचे काय म्हणतील ते तुम्हीच बघा."

अक्काने लेकीचा हात हातात घेतला.

तिने समोर पाहिलं. मिस्त्री मान तिरकी करून बसले होते, उजव्या डोळ्याने दार धरून ठेवल्यासारखे. आत आपला माणूस आहे, या एका गोष्टीवर त्यांनी सगळा भार टाकला होता. आणि आतला माणूस काय करू शकत होता? त्याने हो म्हटलं तर उद्या कुणीही उठून सांगेल, नात्यातला निर्णय आहे, रद्द करा. नाही म्हटलं तर मिस्त्रींचे डोळे गेले, लेकीचं माहेर गेलं आणि मोठ्या साहेबांच्या हाताला डागही नाही. ते खुशाल म्हणतील, आम्ही काय केलं? तुमच्याच जावयाने केलं.

आणि हे डोळे जर जावयाच्या कृपेने मिळाले, तर ते हक्काचे कसे राहणार? भट्टीवरच्या बाकीच्यांना कुठे जावई होते कचेरीत?

अक्का उठली आणि पलीकडच्या बाकड्याकडे गेली. "जरा इकडे ये गं," ती सुनेला म्हणाली. दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली आवारात फुटक्या काचेचा ढीग उन्हात लखलखत होता. ती काच पुन्हा भट्टीत जायची.

"ती हरकत वकिलानेच घ्यावी लागते का?"

सुनेने चमकून पाहिलं. "नाही. ज्याचं नाव योजनेत आहे तो कुणीही आत बोलू शकतो."

"माझं नाव आहे?"

"आहे की. बाबांची बायको म्हणून आहे. पण एकदा नाव लागलं की हक्क तुमचा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही."

"यांचीसुद्धा नाही?"

"यांचीसुद्धा नाही." सून खिडकीबाहेर पाहू लागली. तिच्या ओठांचे कोपरे थरथरत होते. "अक्का, मी शब्द दिलाय. तेव्हा आपलं हे बोलणं मी ऐकलेलंच नाही."

"मी तरी कुठे काय बोलले?" अक्का म्हणाली.

*

खोली लांबट होती. मोठ्या टेबलामागे तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई, एके काळी न्यायाधीश असलेल्या, बाहेरून बोलावलेल्या. पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, गालात खोकल्याची गोळी. त्यांच्या डाव्या हाताला कामगारांची प्रतिनिधी, पेले कागदात गुंडाळून खोक्यांत भरणारी पॅकिंगची मावशी. आणि उजव्या हाताला जावई. इस्त्रीचा शर्ट, नवा टाय, आणि चेहरा असा की टाय फार घट्ट झालाय असं वाटावं. मोठे साहेब बाजूला वेगळ्या खुर्चीत, मांडीवर मांडी टाकून.

जावयाने सासऱ्याकडे पाहिलं नाही. बायकोकडेही नाही.

"सुरू करण्याआधी," अध्यक्षबाई गोळी या गालातून त्या गालात नेत म्हणाल्या, "ऐकणाऱ्यांपैकी कुणाबद्दल हरकत आहे का कुणाची?"

सून छताकडे पाहत होती. जणू तिथे कोळ्याने काढलेल्या जाळीत कायद्याचं एखादं कलम लिहिलेलं होतं. मुलगा आपली बोटं निरखत होता.

अक्का उभी राहिली.

"माझी आहे."

"अगं, बस," मिस्त्री कुजबुजले.

ती बसली नाही. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण खोली इतकी गप्प होती की तो सगळ्यांपर्यंत पोचला.

"जावईबापू, तुम्ही आमच्या घरी आलात त्या दिवसापासून आजवर तुम्हाला कुणी ऊठ म्हटलं नाही. मीही नाही. आज म्हणते. उठा."

लेकीच्या हातातली पर्स खाली पडली. मावशीने टेबलावर दोन्ही कोपरे टेकले आणि ती पुढे झुकली, नाटकाचा पडदा वर गेल्यासारखी.

"बाई," मोठे साहेब म्हणाले, "ही काय तुमच्या घरची बैठक आहे? तुम्ही कोण बोलणार?"

"मी योजनेतली आहे," अक्का म्हणाली. "माझं नाव आहे त्यात. पहिला नकार यांच्या सहीचा आहे. दुसऱ्यांदा ऐकणारा माणूस दुसरा पाहिजे. माणूस वाईट आहे म्हणून मी म्हणत नाही, देवाशपथ. माणूस फार चांगला आहे, म्हणून तर त्याला तिथे बसवलाय."

मोठ्या साहेबांची मांडी खाली आली. अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आधी साहेबांकडे, मग जावयाकडे पाहिलं. "पहिली सही तुमची?"

"माझी," जावई म्हणाला.

"हे मला कुणी आधी सांगायला नको होतं?"

"एवढं काही नाही त्यात," साहेब घाईने म्हणाले. "असं असेल तर यांच्या जागी यांचे साहाय्यक बसतील. बोलावून घेतो."

आणि सुनेची नजर छतावरून खाली आली.

"मी शब्द दिला होता तो जावयांच्या खुर्चीबद्दल," ती उभी राहत म्हणाली. "साहाय्यकांबद्दल मी कुणालाही काही कबूल केलेलं नाही. बाबा, बरोबर?"

मिस्त्रींनी मान हलवली. "बरोबर," ते म्हणाले. सुनेची बाजू त्यांनी चार लोकांत घेतली ती ही पहिलीच वेळ.

"मग ऐका. ज्याने नाकारलं त्याच्या हाताखालच्या माणसानेही फेरसुनावणी घ्यायची नसते. वरिष्ठाची सही चुकली, असं सांगायची हिंमत हाताखालचा कुठून आणणार?"

"नियम तसाच आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तर मग आज सुनावणी होत नाही," साहेबांनी फाईल मिटली. "पुढची तारीख कळवू."

"थांबा की जरा," सून म्हणाली. "दोघांपुढे सुनावणी चालते. फक्त दोघांचं एकमत व्हावं लागतं."

"माझं एकमत आत्ताच झालंय," पॅकिंगची मावशी म्हणाली.

"आधी ऐकून तरी घेऊ," अध्यक्षबाई म्हणाल्या, पण त्यांनी गोळी कडकन चावली, आणि अक्काला वाटलं की बाई हसू गिळतायत.

एवढं सगळं झालं, पण जावई अजून बसलेलाच होता. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. तो बायकोकडे पाहत होता. अक्काने लेकीकडे पाहायचं टाळलं. तिला वाटलं, आता ही पोर माझ्याकडे कधी पाहील का? सणसणीत चपराक मारावी तशी मी तिच्या नवऱ्याला मारली. सकाळी देवापुढे अडलेलं वाक्य ते हेच होतं तर.

लेकीने खाली वाकून पर्स उचलली. शेजारची रिकामी खुर्ची पदराने पुसली. मग नवऱ्याकडे बघून त्या खुर्चीवर दोनदा थाप मारली, घरी बोलवावं तशी.

जावई उठला. टेबलाला वळसा घालून आला, पण बसला मात्र नाही.

"तुम्ही बाहेर थांबा," साहेब म्हणाले.

"तिथे होतो तोवर मला बोलता येत नव्हतं," जावई अध्यक्षबाईंना म्हणाला. "आता निर्णय माझ्या हातात नाही, तेव्हा सांगतो. सही केली त्याआधी मी डोळ्यांच्या कुठल्याही डॉक्टरांना विचारलं नव्हतं. विचारायला पाहिजे होतं. 'वयोमानानुसार' हा शब्द मला वरून तयार मिळाला. भट्टीवरच्या सगळ्याच अर्जांना तो लावायचा, असं सांगण्यात आलं होतं. मी लावला."

"शुद्धीवर आहात का?" साहेब उभे राहिले. "नोकरीचा काही विचार—"

"साहेब, वाक्य पूर्ण करा ना," सून गोड आवाजात म्हणाली. तिने पेन उघडलं होतं. "सुनावणीत खरं सांगणाऱ्याला आणि आपला हक्क मागणाऱ्याला नोकरीची भीती घालता येत नाही, तोही कायदाच आहे. मला शब्दन् शब्द लिहून घ्यायचाय. नोकरीचा काही विचार, पुढे?"

साहेबांनी वाक्य पूर्ण केलं नाही. खाली बसून त्यांनी दुसरी वाट धरली. "मुद्दा साधा आहे. पन्नाशी उलटली की मोतीबिंदू येतो. मलाही येईल. त्याला भट्टी काय करणार? वय आहे ते."

"मग वय काय बाबांच्या डाव्याच डोळ्याला आधी आलं का?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. लेक बोलली होती. आणि आता तिचा आवाज भट्टीवाल्यांचा होता, पार बोळात ऐकू जाईल असा. "उजव्याला काय उशिरा निरोप गेला? लहानपणापासून बघतेय मी, बाबा घरी आले की डावा गाल तापलेला असायचा, उजवा गार. आम्ही भांडायचो उजव्या बाजूला बसायला!"

"डाव्या गालालाच झळ का लागायची?" अध्यक्षबाईंनी मिस्त्रींना विचारलं. "तुम्ही कसे उभे राहता तिथे? दाखवाल?"

मिस्त्री उठले. त्यांना टेबलाची कड नीट दिसली नाही, मुलाने हात दिला. मग त्यांनी पाय रोवले, डावा खांदा पुढे काढला, आणि हातात नसलेली नळी धरून ती बोटांवर फिरवायला लागले. एकसारखी, न थांबता, कारण थांबलं की गोळा ओघळतो. डावा गाल पुढे, मान किंचित तिरकी, आणि डोळा थेट त्या न दिसणाऱ्या भट्टीच्या तोंडात. एवढा वेळ चाचपडणारा माणूस क्षणात पुन्हा मिस्त्री झाला होता. खोलीत झळ लागल्यासारखी मावशी मागे सरकली.

"असं," मिस्त्री म्हणाले. "दुसरं कसं उभं राहणार? उजव्या हाताने फिरवायचं, तर डावं अंगच आगीकडे जातं."

अध्यक्षबाईंनी डॉक्टरीणबाईंचं मत पुन्हा वाचलं. तिथेही तेच होतं, डावा डोळा आधी, झळ डावीकडून. मग त्या आणि मावशी आतल्या खोलीत गेल्या. दार बंद झालं. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. इकडे लेक उठली आणि भावजयीच्या शेजारी जाऊन बसली. थोड्या वेळाने भावजयीने तिच्यापुढे पर्समधलं बिस्किट धरलं. "अर्धंच जेवलीस म्हणे." लेकीने ते घेतलं. "तुला कान आहेत की कर्णे?" ती म्हणाली आणि दोघी खुदकन हसल्या.

दार उघडलं.

"नकार रद्द," अध्यक्षबाई उभ्यानेच म्हणाल्या. "आजार कामाचा आहे. दोन्ही डोळ्यांचा उपचार योजना करेल, आणि बरं होईपर्यंतची रजा भरपगारी. पुढचं नीट ऐका. भट्टीवरच्या ज्या ज्या अर्जाला तो एक शब्द लावून परत पाठवलंय, ते सगळे पुन्हा ऐकले जातील. वेगळी माणसं ऐकतील आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून ऐकतील." मग त्या साहेबांकडे वळल्या. "तुम्ही या योजनेचे विश्वस्त आहात. विश्वस्ताने ती कामगारांसाठी सांभाळायची असते. कारखान्याचा खर्च वाचवायला दुसरी खाती आहेत तुमच्याकडे."

"एकमत," मावशी म्हणाली, आणि टेबलावर थाप मारली.

मिस्त्री हळूहळू अक्काकडे वळले. त्यांना तिचा चेहरा धूसर दिसत असणार, म्हणून ते अगदी जवळ आले.

"तू जावयाला उठवलंस," ते म्हणाले.

"उठवलं," अक्का म्हणाली. "रागावलात?"

उत्तर द्यायच्या आत जावईच पुढे आला. त्याचा टाय सैल झाला होता. तो अक्काच्या पाया पडायला वाकला, तशी ती मागे सरली.

"अहो, काय हे! मी तुमचा अपमान केला, आणि तुम्ही..."

"अक्का," जावई म्हणाला, "बसून बसून माझे पाय मेले होते. तुम्ही उठवलंत म्हणून जीव आला. उद्या नोकरी राहील न राहील—"

"राहील," सून मागून म्हणाली. "नाही राहिली तर मी आहे. फी घेईन मात्र. नणंदेच्या नवऱ्याला फुकट नाही."

मिस्त्रींनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. "चला," ते म्हणाले. "भट्टीवर जाऊ. पोरांना मी सांगणार."

*

इतक्या वर्षांत अक्का भट्टीच्या दालनात कधी आली नव्हती. फाटकापाशी डबा द्यायचा आणि परतायचं. त्या दिवशी मिस्त्रींनीच तिचा हात धरला आणि पुढे चालू लागले. दालनात त्यांना कुणाचा हात लागला नाही. गालावर झळ कुठून येते त्यावरून ते वाट काढत होते, पायरी आली की "पायरी" म्हणून उलट तिलाच सांगत होते.

आत आग अशी की डोळे आपोआप बारीक व्हावेत. माणसं आपापल्या जागी, प्रत्येकाच्या नळीच्या टोकाला केशरी गोळा. मिस्त्रींना पाहून घरघरीतही एक कुजबुज पसरली.

मिस्त्री मध्यभागी उभे राहिले आणि घशाच्या शिरा ताणून ओरडले, "डोळे मिळाले!"

"कुणाला?" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

"मला! आणि ज्याला ज्याला साहेबांनी म्हातारा ठरवून अर्ज परत पाठवला, त्या सगळ्यांना पुन्हा ऐकणार आहेत! दुसरी माणसं ऐकणार! डॉक्टरांना विचारून ऐकणार!"

"खरं की काय, मिस्त्री? आत कोण होतं आपलं?"

"आत कुणी नव्हतं!" मिस्त्री ओरडले. "आतला माणूस आमच्या हिने बाहेर काढला, तेव्हा मिळाले!"

अक्काला वाटलं, आता टाळ्या पडतील. एकही पडली नाही. ती गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं, यांचे हात मोकळे कुठे आहेत? नळी फिरवणं थांबवलं तर गोळा जमिनीवर. सगळे तिच्याकडे तोंड करून हसत होते आणि सगळ्यांची बोटं नळ्या फिरवतच होती.

आणि मग पहिल्या माणसाने पाय आपटला.

त्याच्या शेजारच्याने आपटला. पलीकडच्या रांगेने आपटला. जाड बुटांचे धपधप आवाज एकात एक मिसळत गेले, जमीन हादरायला लागली, वरच्या पत्र्यांवरची धूळ झरझर खाली आली, आणि त्या सगळ्या गदारोळात केशरी गोळे आपले शांतपणे फिरत राहिले. मागे मुलगा, सून, लेक, जावई चौघेही रांगेत उभे राहून धपाधप पाय आपटत होते. लेकीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती खदखदून हसत होती.

"ऐकतेस का?" मिस्त्री अक्काच्या कानाशी ओरडले. "तुझ्यासाठी चाललंय हे! काहीतरी बोल त्यांना!"

अक्काला बोलणं सुचलं नाही. तिचा आवाज तिथे कुणाला ऐकूही गेला नसता. तिने पदर खोचला, साडीच्या निऱ्या जरा वर धरल्या, आणि ज्या बाईने जन्मात कधी दार धाडकन लावलं नव्हतं, तिने त्या तापलेल्या जमिनीवर सगळं बळ एकवटून पाय आपटला. आधी एक. मग दुसरा.